रव्यात देव नसतो

सर कुणालाही नावाने हाक मारत नसत. गावाने मारत. भूगोलाचे शिक्षक होते म्हणून असेल, किंवा नावापाठोपाठ आडनाव येतं आणि आडनावापाठोपाठ बाकीचं सगळंच येतं म्हणूनही असेल. पण बेळगावच्या कॅम्पातल्या त्यांच्या शाळेत चाळीस पोरांचा वर्ग म्हणजे चाळीस गावांचा तालुका होता. "मच्छे, फळा पूस. खानापूर, खिडकी लाव." एकाच गावची दोन पोरं वर्गात आली तर एक 'मच्छे वरचं' व्हायचं आणि दुसरं 'मच्छे खालचं'. मी कणकुंबीचा, म्हणून त्यांच्या घरी राहिलो ती तीन वर्षं मी 'कणकुंबी' होतो. त्यांच्या बायकोचं माहेर निपाणी. लग्नाला बावीस-तेवीस वर्षं होऊनही त्या 'निपाणी'च राहिल्या होत्या. "ओ निपाणी, चहा झाला काय?" आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. त्यांचं खरं नाव मला पहिली दोन वर्षं ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असं सुचलंही नाही.

सरांची नि माझी पहिली गाठ आमच्या गावातच पडली. मी तेव्हा नववीत होतो. नरकचतुर्दशीच्या सकाळी आंघोळ करून, फराळ करून बस थांबते तिथं उगीच उभा होतो. बेळगावहून आलेल्या बसमधून एक सडपातळ, काळासावळा माणूस उतरला. पांढरा सदरा, खांद्याला खाकी पिशवी, आणि मागोमाग पस्तीस पोरं. ऐन दिवाळीत घर सोडून कुणी सहलीला येतं हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"काय रं कणकुंबी," ते मला म्हणाले, "मलप्रभा कुठनं निघती, दावतोस काय?"

मी त्यांना देवळाजवळ उगमापाशी नेलं. पोरं ओंजळीने पाणी प्यायली. सर देवळात शिरले नाहीत. बाहेर उभे राहून पोरांना म्हणाले, "नदी देवळाच्या आदीची हाय, ध्यानात ठेवा." मग सगळ्यांनी वहीत नकाशा काढला, चिरमुऱ्याचा चिवडा खाल्ला आणि दुपारच्या बसने परतायला निघाले. एकाही पोराच्या खिशात फटाका नव्हता. बसच्या पायरीवरून सर मला म्हणाले, "शिकायला बेळगावात आलास तर माझ्याकडं ये. नकाशा बरा काढतोस." पुढे कॉलेजसाठी मी बेळगावात आलो आणि सरळ त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. शाळेत विचारलं तर पत्ता कुणीही सांगत होतं.

सरांचं घर कॅम्पाच्या कडेच्या एका वस्तीत होतं. साठेक घरं, बहुतेक कौलारू. वस्तीने दीक्षा घेतली होती, आणि दीक्षा घ्यायला लावण्यात पुढे होते ते सर. बाविसाव्या वर्षी ते नागपूरला जाऊन आले, आणि आल्या आल्या त्यांनी एक जाड वही सुरू केली. प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले. 'सोडलं', 'धरलं' आणि 'कोठून'. जुन्या चालीरीतींतली जी टाकली ती पहिल्यात, नवी जी घेतली ती दुसऱ्यात, आणि ती कुठल्या गावाहून आली ते तिसऱ्यात. वही खाकी पिशवीत कायम बरोबर असायची. बाजारात, शाळेत, लग्नात, कुठेही वाद निघाला की सर वही काढत, पान शोधत, वाचून दाखवत आणि फट्‌दिशी मिटून टाकत. वही मिटली की वाद मिटला, असं ते धरून चालायचे.

पहिल्या पानावरच्या नोंदी मी एकदा वाचल्या. 'सणाला दुसऱ्याच्या दारात हलगी वाजवणे. सणाचं शिळं मागून आणणे.' पुढचं पान मी उलटलं नाही. आमच्या कणकुंबीच्या दारातही बेंदराच्या सणाला हलगी वाजायची, आणि वाजवणारा माणूस उंबऱ्यापासून किती लांब उभा राहायचा ते मी लहानपणापासून पाहिलं होतं.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी कुठे राहतो ते मी घरी नीट सांगितलं नव्हतं. 'कॅम्पात एका मास्तरांकडं' एवढंच. सरांना ते माहीत होतं. महिन्या-दोन महिन्यांनी कधीतरी जेवताना ते विचारत, "कणकुंबी, घरात सांगितलंस काय?" मी म्हणायचो, "सांगतो सर." ते म्हणायचे, "सावकाश सांग. आमटी वाढू काय?" कधी रागावले असते तर बरं वाटलं असतं.

एवढ्यावरून सर फार गंभीर गृहस्थ असावेत असं वाटेल, तर तसं मुळीच नव्हतं. खाण्याच्या बाबतीत तर ते लहान पोराहून वाईट. कुणी पेढा पुढे केला की आधी "कशाचा?" म्हणून विचारायचे. पास झाल्याचा, बदलीचा, म्हैस व्यायल्याचा असेल तर दोन उचलायचे. नवसाचा असेल तर हात मागे. एकदा शाळेत कुणीतरी सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा आणला. सरांनी तो माझ्यासाठी पुडीत बांधून घरी आणला. मी खात असताना समोर बसून होते.

"कसा हाय?"

"चांगला हाय, सर."

"केळं घातलंय?"

"घातलंय."

"तूप?"

"लई हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आक्कांना तस्साच शिरा करायला सांगितला. केळं घालून, तूप सढळ. आणि पाटावर बसून दोन वाट्या खाल्ला. मी नुसता बघत होतो. माझ्या मनातलं ओळखून सर म्हणाले, "रव्यात देव नसतो, कणकुंबी. रवा गव्हाचा असतो."

पण वहीतली एक गोष्ट त्यांना खात होती. 'सोडलं'चा रकाना पानंच्या पानं भरला होता, आणि 'धरलं'मध्ये इन मिन सात नोंदी. जयंती होती. दसऱ्याला पांढरे कपडे घालून वंदना होती. नामकरण, लग्न, गृहप्रवेश कसे करायचे ते होतं. बुद्धपौर्णिमाही होती, पण तिच्याबद्दल सर स्वतःच खूश नसायचे. ते म्हणायचे, "वंदना म्हणायची, दोन भाषणं ऐकायची नि घरला जायचं. अर्ध्या तासात सण खलास. बाया इचारत्यात, ह्यात करायचं काय? पोरं इचारत्यात, खायचं काय? काय सांगू मी?"

दिवाळीच्या सहली त्यांनी त्यासाठीच काढल्या होत्या. सगळं गाव दिव्यांनी उजळलेलं असताना वस्तीतली पोरं अंधारात बसू नयेत, म्हणून ते पोरांना घेऊन नदी बघायला जात. आमच्या गावी आले होते तेव्हा पस्तीस पोरं होती. मी त्यांच्याकडे राहायला आलो त्या दिवाळीला बावीस झाली. पुढच्या दिवाळीला अकरा. परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वस्तीत तीन-चार घरांच्या मागच्या दारी आकाशकंदील लागले होते. पुढच्या दारी लावायची हिंमत नव्हती, सरांच्या भिडेमुळे. सर मान खाली घालून चालत होते. घरात येऊन पाणी प्यायले आणि म्हणाले, "निपाणी, मी यांचं सगळं काढून घेतलं. बदल्यात दिलं काय?" आक्कांनी ताट वाढलं.

तर हे असं चाललेलं, आणि त्याच वर्षी आमच्यात सिलोनकर येऊन पडला होता.

त्याच्या देशाचं नाव बदलून काही वर्षं झाली होती, पण आमच्याकडे लोक सिलोनच म्हणायचे, कारण सिलोनच्या रेडिओवरची गाणी सगळे ऐकायचे. हा पोरगा डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आला होता. जून-जुलैत कधीतरी सरांच्या कानावर आलं की कॉलेजच्या हॉस्टेलात एक सिलोनचा विद्यार्थी आहे आणि तो जन्मजात बौद्ध आहे. 'जन्मजात' हा शब्द सरांनी मला दोनदा सांगितला. त्यांच्या ओळखीत जन्मजात कुणीच नव्हतं. सगळे स्वतः झालेले, नाहीतर झालेल्यांची पोरं. त्याच संध्याकाळी त्यांनी सायकल काढली, हॉस्टेलवर गेले, आणि पोराला त्याच्या ट्रंकेसकट टांग्यात घालून घेऊन आले. हॉस्टेलात त्याला भात-मासळी मिळत नव्हती. आक्कांनी पहिल्या दिवशी सुकटीची चटणी नि भात वाढला, आणि तो रडायचाच बाकी राहिला. सरांनी त्याचं नाव विचारलं, ऐकलं, आणि म्हणाले, "तू सिलोनकर." बेळगावकर, निपाणीकर, तसा सिलोनकर. त्यालाही ते आवडलं.

जेवण झाल्यावर सरांनी वही उघडून मांडीवर घेतली. पेन्सिलला टोक केलं.

"हं. तुमच्याकडं पंचशील कसं म्हणत्यात? म्हण."

सिलोनकर उभा राहिला, हात जोडले, दोन ओळी म्हटल्या आणि तिसरीला अडकला. डोकं खाजवलं. मग इंग्रजीत म्हणाला, की घरी हे सगळं आई बघते. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्या तोंडावरचा भाव मला अजून आठवतो. शेवटी त्यांनीच पुढचं म्हणून दाखवलं, आपल्या बेळगावी सुरात. आणि हा पोरगा तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. शब्दन् शब्द तेच होते. त्याला वाटलं नव्हतं की समुद्रापलीकडे, सुकटीची चटणी खाणाऱ्या एका मास्तराच्या तोंडून आपल्या आईचे शब्द ऐकायला मिळतील. "सर," तो म्हणाला, "तुम्ही आमच्या आईसारखं म्हणता." सर विरघळले. पण वहीत लिहिण्यासारखं काही निघालं नाही. "सणाला काय करता?" असं विचारलं तर म्हणाला, "संध्याकाळी फिरतो. खातो." सरांनी 'खातात' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

पुढचे सहा महिने सिलोनकराने सण एकूण एक साजरे केले, फक्त स्वतःचे सोडून. गणपतीत तो गल्लोगल्ली आरतीला जायचा आणि कपाळभर गुलाल घेऊन घरी यायचा. सर दारातच विचारायचे, "तू बौद्ध हायस न्हवं का रं?"

"व्हय सर. पण मोदक लई भारी हायत."

मराठी तो आक्कांकडून शिकला होता, त्यामुळे आमच्यापेक्षा बरी बोलायचा. फक्त 'रं' कुणाला लावायचं आणि कुणाला नाही हे त्याला कधी समजलं नाही. कॉलेजच्या प्राचार्यांनाही त्याने "काय रं सर, बरं हाय न्हवं?" असं विचारलं होतं. दसऱ्याला सर पांढऱ्या कपड्यात वंदनेला निघाले, तर हा समोरून भली मोठी फांदी खांद्यावर टाकून आला आणि "सोनं घ्या सर, सोन्यासारखं ऱ्हावा" म्हणून त्यांच्या हातात पानं ठेवली. सरांची पंचाईत. घ्यावं तर वहीला धक्का, न घ्यावं तर पोर हिरमुसेल. त्यांनी पान उजेडाकडे धरून पाहिलं. "ही आपट्याची न्हाय रं. कांचनाची हाय." मग खुशीत येऊन ते पान त्यांनी वहीत दाबून ठेवलं. कांचनाला बंदी नव्हती.

दिवाळीत तो कॉलेजच्या मुलांबरोबर म्हैसूरला गेला होता, म्हणून आमच्या सहलीला नव्हता. नाताळात मात्र होता. नाताळची संध्याकाळ सरांना आवडायची, कारण तो सण त्यांनी सोडलेलाही नव्हता आणि धरायचाही नव्हता. नुसतं बघायला मोकळे. आम्ही तिघं कॅम्पातून चाललो होतो. सरांची सायकल हातात. बंगल्यांच्या व्हरांड्यांत कागदी चांदण्या टांगल्या होत्या, आत दिवे. सिलोनकर एका फाटकापाशी थांबला तो हलेचना. बघतो तर डोळ्यांत पाणी.

"आमच्याकडं असंच," तो म्हणाला. "वेसाकला. दारादारात."

वेसाक म्हणजे त्यांच्याकडची बुद्धपौर्णिमा. सरांनी सायकल स्टँडवर लावली.

"असंच म्हंजे? कागदाचं?"

"कागदाचं."

"आत कामट्या? बांबूच्या?"

"व्हय, बांबूच्या. आठ कोपरे. रंगीत कागद."

"खाली झिरमिळ्या?"

"लांब लांब. वाऱ्यानं हलतात."

"नि आत दिवा."

"आत दिवा. सगळा रस्ता... सगळा रस्ता सर..." त्याला शब्द सापडेना. आम्ही तिघंही थोडा वेळ त्या चांदणीकडे बघत राहिलो. सर सायकल ढकलत पुढे निघाले. घरी आल्यावर मीच आक्कांना सगळं सांगितलं. आक्का भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मंग आकाशकंदीलच की त्यो."

सर जेवले नाहीत. वहीच्या पहिल्याच पानावर, हलगी नि शिळ्याच्या खाली, 'सोडलं'ची तिसरी नोंद होती. 'आकाशकंदील.'

चार महिने सरांनी स्वतःशी वाद घातला. जे आपण सोडलं तेच कसं धरायचं? लोक हसतील. म्हणतील, मास्तर फिरला. पुराव्याशिवाय ते हलणार नव्हते, म्हणून त्यांनी सिलोनकराला आईला पत्र लिहायला लावलं. दोन महिन्यांनी जाड पाकीट आलं. त्यात एक फोटो होता. दारात टांगलेला मोठा कंदील, त्याखाली पांढऱ्या कपड्यांतली आई, शेजारी दोन थोरले भाऊ. सरांनी भिंग लावून तो फोटो आठवडाभर पाहिला. मग वहीत, 'धरलं'च्या रकान्यात, पेन्सिलने अगदी फिकट लिहिलं: 'कंदील. वैशाख पौर्णिमा.' आणि 'कोठून'मध्ये: 'सिलोन'. पेन्सिलने अशासाठी की अजून करून पाहायचा होता.

आणि वस्तीला सांगून टाकलं, की यंदा पौर्णिमेला दारादारात कंदील लागणार. कसा करायचा ते सिलोनकर शिकवणार. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पौर्णिमा तीन आठवड्यांवर होती.

बांबू आणला, कामट्या काढल्या, कागदाचे ताव आणले. सिलोनकराला मध्ये बसवला. तो कामटीकडे बघत राहिला.

"कर की," सर म्हणाले.

"भाऊ करायचे," तो म्हणाला. "मी दोरा धरायचो."

सरांनी त्याही स्थितीत धीर सोडला नाही. आठ कोपरे म्हणजे प्रत्येक कोन एकशे पस्तीस अंशांचा, यात देशी-परदेशी काही नाही, असं म्हणून त्यांनी कंपासपेटी उघडली. कोनमापक लावून कामट्या बांधल्या. दोन दिवस खपून पहिला कंदील उभा राहिला आणि आढ्याला टांगला. तो एका बाजूला कलला. "साडेतेवीस अंश," सर लांबून बघून म्हणाले. "पृथ्वीबी कललेलीच हाय." दुसरा टांगायच्या आधीच बसला. तिसऱ्याला कागद चिकटवताना सांगाडा सिलोनकराच्या हातात उकलून आला. पाच-सहा दिवस असे गेले. संध्याकाळी वस्तीतली पोरं खिडकीत गर्दी करायची आणि हसू दाबून पळायची. सरांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. सातव्या दिवशी ते कामट्यांच्या ढिगात मांडी घालून नुसतेच बसले होते. मला वाटलं, आता हे वही काढणार आणि पेन्सिलची नोंद पुसणार. आणि पुसली असती तर पुढच्या दिवाळीला सहलीला एकसुद्धा पोर आलं नसतं. हे मला कळत होतं, सरांना तर कळतच होतं.

आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सातही दिवस त्या तिथूनच बघत होत्या.

"सरका," त्या म्हणाल्या.

त्या खाली बसल्या, विळी पायाखाली घेतली, कामटी सोलली, नखाने अंदाज घेतला, वाकवली, दोऱ्याचे दोन वेढे, गाठ. पुन्हा कामटी. कोनमापकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. आम्ही तिघं माना वाकवून बघत होतो. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात आठ कोपऱ्यांचा सांगाडा तयार होऊन त्यांच्या तळहातावर उभा राहिला. सरळ.

"तुला हे कवा आलं?" सर म्हणाले.

"निपाणीत. धा-बारा वर्साची हुते तवापासनं. दिवाळी आली की मामाच्या हाताखाली आमी सगळी पोरं कंदील करायचो. दुकानदार न्यायचा. पेठंत दारादारात आमचं कंदील लागायचं. आमच्या दारात न्हाय. इकायचं म्हणून केलेलं आपल्या दारात कोण लावतंय?" बोलताना त्यांचे हात दुसऱ्या कंदिलाला लागले होते. "लगीन होऊन हितं आले, तवा पैल्यांदा माझ्या दारासाठनं एक केला. तुमी नागपूरासनं आलासा नि म्हणालासा, उतर."

सरांनी कोनमापक पेटीत ठेवला.

"जाळ म्हणलतो मी," सर अगदी हळू म्हणाले.

"उतर म्हणालासा, उतरला. जाळ म्हणालासा ते माझ्या कानावर आलं न्हाय."

त्या उठल्या. मला शिडी धरायला लावली, माळ्यावर चढल्या, आणि शेणकुटांच्या मागून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी खाली दिलं. बावीस वर्षांपूर्वीचा कंदील. कागद झडून गेला होता, पण सांगाड्याची एक गाठ सुटलेली नव्हती. सिलोनकराने तो दोन्ही हातांत घेतला, फिरवून पाहिला आणि फोटोशेजारी धरला. कोपरे मोजले. आठ.

सरांनी सवयीने पिशवीतून वही काढली. "पर निपाणी," ते म्हणाले, "ह्यो दिवाळीचा हाय."

आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. "रव्यात देव नसतो म्हणतासा. मंग कामटीत कुठनं आला?"

सरांच्या हातात वही उघडी होती. मी तिच्या फट्‌दिशी मिटण्याची वाट पाहत होतो. ती काही मिटली नाही.

पुढचे बारा दिवस आमचं घर कारखाना झालं होतं. आक्का मधे, भोवती वस्तीतल्या बायका, त्यांच्याभोवती पोरं. सर खळ शिजवत होते. दुसरं काही त्यांना करू देत नव्हतं कुणी. सिलोनकर दोरा धरत होता, आणि मला खात्री आहे की घरीसुद्धा तो इतक्या मन लावून दोरा धरत नसेल. तो म्हणाला होता 'खातो', म्हणून बायकांनी त्याचाही निकाल लावला. पौर्णिमेच्या संध्याकाळी वस्तीच्या तोंडाशी मोठ्या पातेल्यात पन्हं, दुसऱ्यात गोड शिरा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात द्रोण. केळं घातलेला, तूप सढळ.

दिवे लागले तेव्हा साठच्या साठ घरांच्या दारांत कंदील होते. पुढच्या दारांत. पांढरे, निळे, पिवळे. वंदना झाली, भाषण सरांनी आपणहून गाळलं. शेजारच्या गल्ल्यांतले लोक बघायला आले, कॅम्पातली माणसं आली. "वैशाखात दिवाळी कशी काय, मास्तर?" जो तो विचारायचा, आणि सर प्रत्येकाला अडवून पहिल्यापासून सगळं सांगायचे. सिलोन, फोटो, आठ कोपरे. थोड्याच वेळात त्यांचा घसा बसला. मग ते नुसते कंदिलाकडे बोट दाखवून हसत होते. त्यांना इतका वेळ हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सिलोनकर वस्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता आणि खात होता. त्याच्या देशात सण जसा होतो तसा.

त्यातला एक कंदील मी आठवड्याने कणकुंबीला घेऊन गेलो. आईने विचारलं, "वैशाखात कंदील कसला रं?" मी ओसरीवर बसून सगळं सांगितलं. कुणाचं घर, कोणती वस्ती, कुणाच्या हातची आमटी मी दोन वर्षं खातोय, सगळं. आबा पानाला चुना लावत बसले. मग दाराच्या चौकटीकडे बघून म्हणाले, "खिळा हाय तितं. लाव." पुढच्या खेपेला आईने माझ्याबरोबर फणस दिला, 'मास्तरीणबाईंना' म्हणून.

पण मला सांगायचं आहे ते पौर्णिमेच्याच संध्याकाळचं. गर्दी पांगली आणि आम्ही चौघं घरात येऊन टेकलो. दारात आक्कांचा जुना कंदील होता, नवा कागद लावलेला. सरांनी टेबलाशी बसून वही उघडली, पेन काढलं. आता पेन्सिलवर शाई फिरवायची, एवढंच काम होतं. 'कंदील. वैशाख पौर्णिमा.' ही अक्षरं त्यांनी शाईने पक्की केली. मग 'कोठून'पाशी थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी खोडरबर मागितला. बावीस वर्षांत त्या वहीत एक अक्षर खोडलेलं नव्हतं, त्यामुळे घरात रबर सापडेना. शेवटी मी माझ्या दप्तरातला दिला. त्यांनी 'सिलोन' पुसलं. कागदावरची भुकटी फुंकली. आणि त्या जागी, जिथे आजवर फक्त गावांची नावं आली होती, तिथे सावकाश एक बाईमाणसाचं नाव लिहिलं. नाव, बापाचं नाव, माहेरचं आडनाव. तिन्ही.

सिलोनकराने खांद्यावरून वाकून वाचलं. त्याच्या देशाचं नाव गेलं होतं, पण तो म्हणाला, "बरोबर हाय की रं सर."

त्या दिवशी मला आक्कांचं नाव कळलं. इथे ते लिहीत नाही. ते सरांनी लिहिलंय तेवढं पुरे.

आक्का हात पुसत आल्या. वाकल्या, ओळीवरून बोट न लावता नजर फिरवली, आणि पुन्हा एकदा फिरवली. सर मान वर न करता वही मिटायला गेले.

"ऱ्हाऊ द्या," आक्का म्हणाल्या. "शाई वाळू द्या. लगीच मिटू नकासा."

सकाळी मी अंगणातून सायकल काढली तेव्हा खिडकीतून दिसलं. वही टेबलावर तशीच उघडी होती.